भूतानची वीज मेगावॉटमध्ये मोजू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भूतानबद्दल मराठी वृत्तपत्रांत वर्षाकाठी तीन-चार बातम्या येतात आणि त्यांपैकी निदान दोन विजेच्या असतात. त्यांचा साचा ठरलेला असतो: अमुक मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, तमुक मेगावॉटचा करार झाला, लोकसंख्या जेमतेम पावणेआठ लाख, म्हणजे हा देश विजेने गब्बर. पुनात्सांगछू-२ चे १,०२० मेगावॉट धरले तर भूतानची स्थापित क्षमता आता ३,५०० मेगावॉटच्या घरात गेली आहे, हे खरेच. पण हाच देश गेली काही वर्षे हिवाळ्यात भारताकडून वीज विकत घेतो, हेही तितकेच खरे. दुसरी गोष्ट बातमीत नसल्याने पहिलीचा अर्थ चुकीचा लागतो. ती का घडते, हे सांगण्यासाठी हे पत्र. थोडे लांबेल, कारण यात गणित आहे.

मेगावॉट म्हणजे यंत्राची ताकद, वीज नव्हे. यंत्र किती तास चालले त्यावर युनिटे ठरतात आणि यंत्र किती तास चालणार हे नदी ठरवते. वांगछूवरचा ताला प्रकल्प घ्या. २००६-०७ मध्ये तो सुरू झाला. प्रत्येकी १७० मेगावॉटचे सहा संच (संच म्हणजे टर्बाइन आणि त्याला जोडलेले जनित्र), सुमारे ९२ मीटर उंचीचे धरण, तिथून डोंगराच्या पोटातून जवळजवळ २३ किलोमीटरचा बोगदा आणि शेवटी टर्बाइनवर मिळणारा सुमारे ८१९ मीटरचा उतार. जलविद्युतीचे सूत्र सोपे आहे: सेकंदाला किती घनमीटर पाणी, गुणिले उतार मीटरमध्ये, गुणिले ९.८१, गुणिले यंत्रांची कार्यक्षमता (०.९ धरू). उत्तर किलोवॉटमध्ये येते. सेकंदाला १४२ घनमीटर पाणी असेल तर सव्वादहा लाख किलोवॉटच्या आसपास, म्हणजे सहाही संच पूर्ण भाराने फिरतात. जून ते सप्टेंबर नदीत याहून कितीतरी जास्त पाणी असते आणि उरलेले धरणावरून सोडून द्यावे लागते. आता समजा जानेवारीत प्रवाह २५ घनमीटरवर आला. त्याच सूत्राने उत्तर येते १८० मेगावॉट. सहा संचांचे वीजघर आणि काम मात्र एका संचाला पुरेल एवढेच. उरलेल्या पाच संचांचे मेगावॉट बातमीत असतात, तारेत नसतात.

हे एकट्या तालाचे दुखणे नाही. भूतानचे मोठे प्रकल्प जवळजवळ सगळे वाहत्या पाण्यावरचे आहेत. चुखा (३३६ मेगावॉट, १९८६ ते ८८), कुरिछू (६०), बासोछूचे दोन टप्पे (६४), ताला (१,०२०), दागाछू (१२६), मांगदेछू (७२०, वर्ष २०१९), निकाछू (११८) आणि आता पुनात्सांगछू-२. यांतल्या कुणाकडेही पावसाळ्याचे पाणी हिवाळ्यापर्यंत धरून ठेवेल असा जलाशय नाही. असते ते छोटे तळे. दिवसाचे पाणी संध्याकाळच्या काही तासांसाठी साठवण्यापुरते. त्यात काही नद्या एकामागोमाग वापरलेल्या: चुखाच्या यंत्रांतून निघालेले पाणीच पुढे ताला वापरतो, निकाछूचे सोडपाणी मांगदेछूला मिळते. बांधणाऱ्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच, कारण एकाच थेंबाचे दोनदा पैसे होतात. पण थेंबच नसला तर दोन्हीकडे नसतो. देशातल्या सगळ्या नद्या एकाच पावसावर आणि एकाच हिमालयाच्या बर्फावर जगतात, त्यामुळे त्या आटतातही एकदम. एक नदी रोडावली म्हणून दुसरी भरून काढेल, अशी सोय नाही. डिसेंबर ते मार्च साऱ्या देशाची निर्मिती मिळून स्थापित क्षमतेच्या पाचव्या भागाच्या आसपास घसरते. या चालीने आणखी हजार मेगावॉट उभे केले तर जुलैत हजार वाढतात, जानेवारीत दोनशे.

भारत आणि भूतान यांच्यातल्या २००६ च्या करारात आणि २००९ मध्ये त्याला जोडलेल्या दुरुस्तीत २०२० पर्यंत १०,००० मेगावॉटचे लक्ष्य होते. २०२० उजाडले तेव्हा हाती होते २,३०० च्या आसपास. आता २०४० साठी २५,००० चा आकडा चर्चेत आहे. लक्ष्य चुकले यावर टीका पुष्कळ झाली. ते लक्ष्य चुकीच्या एककात लिहिले होते, हे फारसे कुणी बोलले नाही.

पावसाळ्यात तरी सगळे आलबेल असते का? तेही नाही, कारण पाणी येते ते गाळ घेऊन. हिमालयातल्या वाळूत गारगोटीचे कण भरपूर आणि गारगोटी पोलादापेक्षा कठीण. धरणाजवळ जमिनीखाली गाळ बसवण्याच्या लांब खोल्या असतात. त्या साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण अडवण्याच्या हिशेबाने बांधतात. त्याहून बारीक कण पुढे जातातच. आठशे मीटर उतारावर पेल्टन टर्बाइनच्या (पाण्याच्या फवाऱ्याने वाट्यांचे चाक फिरवणाऱ्या यंत्राच्या) तोंडातून पाणी सेकंदाला सव्वाशे मीटर वेगाने सुटते. त्या वेगाला हा बारीक गाळ पॉलिश पेपरसारखा चालतो. आधी फवारा कमी-जास्त करणाऱ्या सुईचे टोक झिजते, मग तोंडाची कड. फवारा गोल न राहता फाटतो, वाट्यांच्या मधल्या धारेवर नीट बसत नाही, तिथे खाचा पडतात आणि कार्यक्षमता उतरते. टंगस्टन कार्बाइडचा लेप दिला की आयुष्य वाढते, पण लेप एका ठिकाणी उडाला की खालचे पोलाद भराभर जाते. म्हणून गाळाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपुढे गेले की संच बंद करून धरणाचे खालचे दरवाजे उघडून गाळ धुऊन काढणे हेच योग्य. नदी दुथडी भरलेली आणि वीजघर थांबलेले, हे पाहून बाहेरच्याला नवल वाटते. थांबवले नाही तर पुढचा हिवाळा वाट्या बदलण्यात आणि डागण्यात जातो.

दरवाजांचा विषय निघालाच आहे तर ५ ऑक्टोबर २०२५ ची घटना इथेच सांगितलेली बरी. अतिवृष्टीत ताला धरणाचे दरवाजे उघडू शकले नाहीत, पाणी धरणावरून वाहू लागले आणि खाली पश्चिम बंगालला सावध करावे लागले. काँक्रीटचे धरण वरून पाणी गेले तरी सहसा उभे राहते. तरी याला नशीब म्हणावे लागेल. अशा धरणावर दरवाजा उचलणाऱ्या तेलदाबाच्या पंपाला वीज देण्याच्या तीन वाटा असाव्या लागतात: ग्रिडची, धरणावरच्याच डिझेल जनित्राची आणि दोन्ही गेल्या तर हातपंपाची किंवा फिरत्या संचाची. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दरवाजा नुसता कागदावर न तपासता प्रत्यक्ष उचलून पाहावा लागतो, तोही पर्यायी विजेवर. महत्त्वाचे हे की धरण भूतानात आणि पुराचे पाणी भारतात, म्हणून ही तपासणी कोणी केली आणि केव्हा केली हे सीमेच्या दोन्ही बाजूंना कळायला हवे. आज दोन देशांत पाण्याच्या पातळीची माहिती जाते. दरवाजांच्या स्थितीचीही जावी.

आता पैशांकडे. चुखा आणि ताला हे प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज या सूत्रावर उभे करून दिले. पुनात्सांगछू-१ ला ते उलटे झाले, ४० टक्के अनुदान आणि ६० टक्के कर्ज. मांगदेछू आणि पुनात्सांगछू-२ ला अनुदान ३० टक्क्यांवर आले, कर्ज ७० टक्के, व्याज १० टक्के. मांगदेछूची भारताला विकायची वीज युनिटला ४ रुपये १२ पैसे दराने ठरली. प्रकल्प फार न रखडता झाला आणि ताबडतोब कमावू लागला, म्हणून तिथे हे सूत्र पेलले गेले. वेळ चुकली की काय होते त्याचे उदाहरण त्याच देशात, वांगदीजवळ आहे.

१,२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१ चे काम २००८ मध्ये सुरू झाले. जुलै २०१३ मध्ये धरणाचा पाया खोदला जात असताना उजव्या काठाचा डोंगर सरकला. कारण गूढ नव्हते. उताराच्या आत चिरडलेल्या, निसटत्या खडकाचा पट्टा होता आणि पायथ्याचा भार काढून घेतल्यावर वरचा डोंगर खाली ओढला गेला. उपाय म्हणून डोंगरमाथ्यावरची माती काढून वजन कमी केले, खोलवर पोलादी दोरांचे नांगर ठोकले, काँक्रीटचे खांब उतरवले. उतार त्यानंतरही पुन्हा पुन्हा हलला. धरण तिथेच बांधायचे की वर सरकून बुटका बंधारा घालायचा, यावर दोन देशांच्या तज्ज्ञांचे वर्षानुवर्षे एकमत होईना. मूळ खर्च सुमारे ३,५०० कोटी रुपये होता, तो ९,००० कोटींच्या पुढे गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य धरणाचे काम पुन्हा सुरू करण्यावर दोन्ही सरकारांत सहमती झाली. त्याच नदीवर खाली पुनात्सांगछू-२ चीही २०१६ मध्ये भूमिगत पोकळीचे छत कोसळून रखडपट्टी झाली होती, पण तो अखेर पूर्ण झाला आणि त्याच नोव्हेंबरात त्याचे उद्घाटन झाले.

रखडपट्टीची किंमत कशी चढते ते एका साध्या हिशेबात पाहा. १,००० कोटींचे कर्ज सहा वर्षांत समान हप्त्यांनी उचलले आणि प्रकल्प सहाव्या वर्षी सुरू झाला, तर १० टक्के सरळ व्याजाने बांधकामाच्या काळातले व्याज होते ३०० कोटी, कारण सरासरीने निम्मेच कर्ज अंगावर असते. प्रकल्प आणखी सहा वर्षे रखडला तर पुढचे व्याज पूर्ण रकमेवर लागते, म्हणजे आणखी ६०० कोटी. विजेचे एक युनिटही न निघता हजाराचे एकोणीसशे झाले. हे सगळे शेवटी वीजदरात चढते आणि मग तो दर घेणाऱ्याला परवडेनासा होतो. भूगर्भ तपासणीसाठी सुरुवातीला आणखी एक वर्ष आणि काही कोटी खर्च करायला कंत्राटदार, सल्लागार आणि मंत्री या तिघांनाही घाई नडते. नंतरच्या बारा वर्षांची घाई मात्र कुणालाच नसते.

भूतानचे चलन एन्गुलट्रम आणि रुपया समान मूल्याचे असल्यामुळे भारताकडून घेतलेल्या रुपयांतल्या कर्जाला विनिमय दराचा धोका नाही, असे सांगितले जाते. ते बरोबर आहे, पण रुपया भूतानला छापता येत नाही, कमवावा लागतो. २०१२ मध्ये रुपयांचाच तुटवडा पडला होता. वीज विकून येणारा रुपया पेट्रोल-डिझेल, यंत्रे आणि धान्य आणायला परत जातो. स्वयंपाकाचा गॅसही भारतातूनच येतो. जुलै २०१३ मध्ये, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, गॅस आणि रॉकेलवरचे भारताचे अनुदान थांबले तेव्हा थिंफूत काय पेच झाला ते अनेकांना आठवत असेल. नद्यांची वीज विकणारा देश इंधनाबाबत इतका परावलंबी, हे त्या महिन्यात उघड दिसले. तेव्हापासून विजेवरच्या गाड्यांचा आग्रह आहे आणि तो योग्यही आहे. पण मोटारी विजेवर आल्या तरी डोंगरात माल वाहणारे ट्रक एवढ्यात डिझेल सोडणार नाहीत.

हिवाळ्यातली खरेदी हा यातला सर्वांत कमी समजलेला भाग. भारतातल्या वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा. कमाल भाव युनिटला १० रुपये असा बांधलेला आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा भाव पडतो, संध्याकाळी चढतो. भूतानला थंडीत वीज नेमकी संध्याकाळी हवी असते. उलट जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्याकडे वीज ओसंडते, तेव्हा भारतातल्याही जलविद्युत केंद्रांना पाणी असते. स्वस्तात विकायचे आणि महागात घ्यायचे, हा व्यवहार मेगावॉटच्या आकड्यात दिसत नाही, पण वर्षाच्या जमाखर्चात दिसतो.

यावर एक उपाय भारतातली राज्ये आपसात कैक वर्षे वापरतात: विजेची उसनवारी. पावसाळ्यात जास्तीची युनिटे द्यायची, हिवाळ्यात थोडी अधिक किंवा थोडी उणी करून परत घ्यायची, पैशांची देवघेव जवळजवळ नाहीच. हिमाचलसारख्या पहाडी राज्याला उन्हाळी-पावसाळी वीज जड होते आणि उत्तरेच्या मैदानी राज्यांना भातलावणीच्या दिवसांत तीच हवी असते, त्यामुळे जमते. भूतानच्या बाबतीत पारेषण, म्हणजे वीज वाहून नेणे, हा अडसर नाही. ताला ते सिलिगुडी आणि जिगमेलिंग ते अलिपूरद्वार अशा ४०० केव्हीच्या वाहिन्या आहेत, दोन्ही देशांचे ग्रिड एकाच लयीत चालतात. प्रश्न कराराच्या शब्दांचा आहे. जुने करार ‘अतिरिक्त वीज भारत घेईल’ या भाषेतले आहेत. त्यांच्या जागी ‘कोणत्या महिन्यात किती युनिटे जातील, कोणत्या महिन्यात किती परत येतील’ असे बारा महिन्यांचे कोष्टक हवे. सीमेपलीकडच्या वीज व्यापाराला भारताने २०१८ आणि २०१९ मध्ये नियम केले आहेत. त्या चौकटीत राहूनही दोन सरकारांना हे ठरवता येईल.

देशातल्या मागणीत मोठा वाटा दक्षिण सीमेवरच्या पासाखा भागातल्या फेरोसिलिकॉनच्या (पोलाद बनवताना लागणाऱ्या लोह-सिलिकॉन मिश्रधातूच्या) भट्ट्यांचा. एक टन फेरोसिलिकॉनला साडेआठ ते नऊ हजार युनिटे लागतात. दिवसाला शंभर टन काढायचे तर ३५ ते ३८ मेगावॉटचा अखंड भार झाला. ‘हिवाळ्यात भट्ट्या बंद करा’ असे म्हणणाऱ्यांनी भट्टी जवळून पाहिलेली नसते. इलेक्ट्रोड, म्हणजे भट्टीत वीज सोडणारा कार्बनचा दांडा, वितळलेल्या मालात बुडालेला असतो. भार अचानक काढला तर माल गोठतो, इलेक्ट्रोड निवताना तडकतो आणि पुन्हा सुरू करताना भार काही दिवसांत हळूहळू चढवावा लागतो. रोज संध्याकाळी चार तास बंद हे जमणारे नाही. जमण्यासारखे हे आहे: भट्टीचे अस्तर बदलणे, ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती आणि वार्षिक देखभाल यांसाठी जे आठवडे लागतातच, ते सगळे जानेवारी-फेब्रुवारीत आणि पाळीपाळीने घ्यायचे. दर तसा आखला तर कारखानदार स्वतःहून ते करतील. बारा महिने एकच दर ठेवला तर का करतील?

बिटकॉइनचे यंत्रकाम (संगणक अखंड चालवून हे आभासी चलन मिळवणे) याच्या अगदी उलट आहे. भूतानने सरकारी गुंतवणूक कंपनीमार्फत ते केले आणि २०२३ मध्ये बिटडीअर या कंपनीशी भागीदारी जाहीर केली. त्यावर नैतिक मतमतांतरे काहीही असोत, विजेच्या अंगाने या भाराचा एक गुण मोठा आहे. तो मिनिटाभरात बंद करता येतो आणि काही बिघडत नाही. पावसाळ्यात धरणावरून फुकट वाहून जाणारे पाणी असे वापरले तर हरकत घेण्यासारखे काही नाही. पण यंत्रांत पैसे गुंतले की ती बारा महिने चालावीत असा मोह होतो. डिसेंबर ते मार्च या यंत्रांना आयात केलेली वीज मिळणार नाही, एवढी एक अट कायद्यात असली की पुरे.

राहिली घरे. देशात दीड लाखाहून अधिक कुटुंबे आहेत. त्यांतल्या एक लाख घरांत संध्याकाळी सातला दोन किलोवॉटचा एकेक हीटर लागला तर २०० मेगावॉट झाले. वरच्या उदाहरणातल्या जानेवारीच्या तालाच्या १८० मेगावॉटपेक्षा जास्त! जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती ऊब धरतात. नव्या काँक्रीटच्या इमारतींत विटांच्या पातळ भिंती आणि एकेरी काचेच्या खिडक्या असतात. चौकटीच्या फटीतून वारा आत आणि ऊब बाहेर. फटींना रबरी पट्टी, दुहेरी काच आणि छताला आवरण या कामात उद्घाटनाचा फोटो निघत नाही, पण त्यातून वाचणारा प्रत्येक किलोवॉट हिवाळ्यातल्या संध्याकाळचा असतो, म्हणजे सर्वांत महागाचा. हीटरऐवजी हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत खेचणारे यंत्र) बसवला तर तेवढीच ऊब साधारण एक तृतीयांश विजेत मिळते. ग्रामीण घरांना महिन्याला शंभर युनिटे मोफत देण्याचे धोरण चांगलेच आहे, कारण त्याने लाकूडतोड आणि चुलीचा धूर कमी होतो. मात्र बुखारीतल्या (खोली तापवायच्या शेगडीतल्या) लाकडाची जागा साध्या कॉइलच्या हीटरने घेतली तर जंगल वाचेल आणि ग्रिड कोलमडेल.

निर्मितीच्या बाजूने हिवाळ्याला नेमके लागू पडणारे औषध सौर वीज आहे. भूतानचा हिवाळा कोरडा आणि निरभ्र असतो. नद्या आटतात त्याच महिन्यांत ऊन स्वच्छ पडते. रुबेसा इथे १८० किलोवॉट, सेफू इथे १७.३८ मेगावॉट, अशी सुरुवात झाली आहे. (रुबेसातच ३०० किलोवॉटच्या दोन पवनचक्क्याही आहेत, पण त्यांचा उपयोग आजवर अनुभव मिळवण्यापुरता.) ५०० मेगावॉट सौर क्षमता असेल आणि चांगल्या दिवशी किलोवॉटमागे चार युनिटे मिळाली, तर रोज २० लाख युनिटे होतात. इथे पॅनेलच्या कोनाचा मुद्दा येतो. वर्षभरात सर्वाधिक युनिटे हवी असतील तर पॅनेल अक्षांशाइतके, म्हणजे २७ अंशांच्या आसपास झुकवतात. भूतानने ते ४० ते ४५ अंश उभे करावेत. उन्हाळ्यात थोडी वीज कमी मिळेल, पण उन्हाळ्यात ती हवी आहे कुणाला? निविदेत ‘वार्षिक युनिटे’ हा निकष ठेवला तर प्रत्येक कंत्राटदार २७ अंशच लावणार. निकष ‘डिसेंबर ते मार्चची युनिटे’ असा हवा.

सौर विजेचा दुसरा फायदा पाण्यातून मिळतो. दुपारी सहा तास सौर विजेवर भागवले आणि नदीतले सेकंदाला २५ घनमीटर पाणी तळ्यात धरले, तर ५ लाख ४० हजार घनमीटर साठते. तालासारख्या उतारावर एक घनमीटर पाण्याची दोन युनिटे होतात. म्हणजे जवळजवळ ११ लाख युनिटे झाली. ती संध्याकाळच्या तीन तासांत काढली तर ३६० मेगावॉट, दोन संच पूर्ण भाराने. नव्या धरणाशिवाय. पण तळ्यात तेवढी जागा हवी आणि पावसाळ्यात गाळ धुतला नसेल तर ती जागा वाळूने भरलेली असते. जुलैत निर्मितीच्या लोभाने धुलाई टाळली की जानेवारीत साठवण जाते, ती अशी.

खरी हंगामी साठवण हवी तर मोठे जलाशय आले. संकोशचा (पुनात्सांगछूच्या खालच्या अंगाचा) २,५८५ मेगावॉटचा प्रस्ताव कित्येक वर्षे कागदावर आहे. तो इतका मोठा आहे की खर्च, बुडणारी जमीन आणि खाली आसाम-बंगालमधले नदीचे वागणे, तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. राज्यघटनेने ६० टक्के भूभाग कायम वनाच्छादित ठेवण्याचे बंधन घातले आहे, तेही आहेच. मला त्याहून अर्थपूर्ण वाटतो तो चुखाच्या वरचा बुनाखा. २०१४ च्या करारातल्या चार संयुक्त प्रकल्पांत तो सर्वांत लहान, १८० मेगावॉटचा. त्यामुळे कुणाच्या नजरेत भरत नाही. पण त्याच्या जलाशयात धरलेले पाणी हिवाळ्यात बुनाखा, चुखा आणि ताला अशा तीन वीजघरांतून जाईल. तालात घनमीटरला दोन युनिटे, चुखात आणखी एक, बुनाखाची स्वतःची वेगळी. म्हणजे एक कोटी घनमीटर पाण्याची हिवाळ्यात तीन कोटींहून अधिक युनिटे, तीही आधीच बांधलेल्या आणि रिकाम्या बसलेल्या संचांवर. अडचण हिशेबाची आहे: खर्च बुनाखाचा, फायदा खालच्यांचा. एकट्या बुनाखाचा ताळेबंद मांडला तर तो तोट्यात दिसणारच. तिघांचा मिळून मांडला पाहिजे आणि खालच्या प्रकल्पांनी वरच्याला पाणीसाठ्याचे भाडे दिले पाहिजे.

जलाशय म्हटले की हिमसरोवरांचा धोका विसरता येत नाही. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी फो छू नदीच्या उगमाकडचे लुग्गे त्सो हे हिमसरोवर फुटले आणि पुनाखापर्यंत पूर आला, २१ माणसे गेली. शेजारच्या थोर्थोर्मी सरोवराची पातळी २००९ ते २०१२ या काळात कामगारांनी हातांनी चर खोदून पाच मीटर उतरवली, कारण त्या उंचीवर यंत्रे नेता येत नव्हती. पुनात्सांगछूचे दोन्ही प्रकल्प त्याच फो छूच्या खालच्या अंगाला आहेत. सांडव्याची क्षमता ठरवताना पावसाचा पूर आणि सरोवरफुटीचा पूर दोन्ही धरावे लागतात आणि वरच्या इशारा यंत्रणेच्या बॅटऱ्या थंडीत बदलायला माणूस वेळेवर जातो की नाही, यावर खालच्या हजारो कोटींची सुरक्षितता टांगलेली असते.

सध्या टाटा, अदानी, रिलायन्स अशा भारतीय कंपन्या भूतानमध्ये उतरत आहेत. भारताने ४,००० कोटी रुपयांचे सवलतीचे कर्जही देऊ केले आहे. खासगी भागीदार कामाचा वेग आणतील, त्यात शंका नाही. पण त्यांना परतावा मिळतो तो एकूण युनिटांवर आणि एकूण युनिटे स्वस्तात मिळतात ती पावसाळ्यात. हिवाळ्याच्या युनिटाला करारात वेगळा, चढा दर लिहिला नाही, तर नवे सगळे प्रकल्प पुन्हा वाहत्या पाण्याचेच होतील. आपल्या दैनिकाला विनंती एवढीच की यापुढे अशा कराराची बातमी देताना मेगावॉटच्या शेजारी ‘जानेवारीतली अपेक्षित निर्मिती’ हा आकडा विचारावा. तो प्रत्येक प्रकल्प अहवालात दहा-दहा दिवसांच्या कोष्टकात छापलेला असतो. विचारला तर मिळतो.

आपला,
एक वाचक

ता. क. : बातम्यांत ‘वांगछू नदी’ असे छापले जाते. ‘छू’ म्हणजेच पाणी, नदी. वांगछू एवढे पुरे. शिवाय हीच वांगछू भारतात रायडाक होते, पुनात्सांगछू संकोश होते आणि अमोछू तोर्सा. पुराच्या बातमीत दोन्ही नावे दिली तर खालच्या गावांत राहणाऱ्यांना पाणी कुठून येते आहे ते कळेल.